डीजेइंग शिकायला परवडणारी पहिली उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने शिकणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. घरी सराव करणारा, हाताशी मोजके पैसे असलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवला आहे. प्रत्येक उपकरणाला मी एकच कसोटी लावतो: हे घेतल्यावर पुढचं गाणं मला कानात आधी, वेगळं आणि उशीर न होता ऐकू येईल का? या कसोटीत जे बसत नाही, ते कितीही स्वस्त असलं तरी महाग पडतं.

सुरुवातीला कमीत कमी काय लागतं?

दोन गाणी एकाच वेळी वाजवता येतील अशी सोय, त्यांचे आवाज कमी-जास्त करणारा मिक्सर, आणि पुढचं गाणं आधी ऐकायला हेडफोन. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिप-हॉपचा जनक मानल्या जाणाऱ्या डीजे कूल हर्कने पार्टी वाजवली, तेव्हाही मूळ मांडणी हीच होती: दोन टर्नटेबल आणि एक मिक्सर. आज हे सगळं ‘कंट्रोलर’ नावाच्या एका पेटीत येतं. तो यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा, गाणी लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये वाजतात आणि कंट्रोलरवरच्या बटणांनी, चाकांनी ती हाताळायची.

म्हणजे यादी अशी: असलेला लॅपटॉप, एक साधा कंट्रोलर, तारेचा हेडफोन आणि घरात आवाज देणारं काहीतरी. बाकी सगळं नंतर.

काहीही विकत न घेता आधी करून बघता येईल का?

येईल, आणि आठवडाभर तरी बघाच. ‘मिक्स’ नावाचं (इंग्रजीत लिहिताना शेवटी तीन एक्स) मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि ते पूर्ण फुकट आहे. फोनवर किंवा टॅबलेटवर ‘डीजे’ प्रकारातली ॲप मिळतात, त्यांत अल्गोरिडिम कंपनीचं ‘डीजे’ (इंग्रजीत djay) चांगलं आहे.

कीबोर्ड आणि माउसने मिक्स करताना हात अडखळतो, कारण एका वेळी एकच गोष्ट पकडता येते. तरीही गाण्याची रचना ऐकायची सवय लागते. बहुतेक नाचाच्या गाण्यांत ४ बीटचा एक बार असतो आणि दर ८ बारना, म्हणजे ३२ बीटना, गाण्यात काहीतरी बदलतं: नवं वाद्य येतं, ढोल थांबतो, गायक सुरू होतो. १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ बीट असलेल्या, गाण्यात हे ३२ बीट बरोबर १५ सेकंदांत संपतात. समेवर बोट ठेवून हे मोजता यायला लागलं आणि कंटाळा आला नाही, तर कंट्रोलर घ्यायला हरकत नाही.

कंट्रोलर निवडताना सगळ्यांत आधी काय बघायचं?

त्यात साउंड कार्ड आहे का, ते. या एका मुद्द्यावर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

लॅपटॉपला हेडफोनचं भोक एकच असतं. त्यातून डावा आणि उजवा असा एकच स्टिरिओ आवाज बाहेर येतो. डीजेला मात्र दोन स्वतंत्र आवाज लागतात: लोकांना ऐकू जाणारा मुख्य आवाज आणि फक्त स्वतःच्या कानात येणारा, पुढच्या गाण्याचा. याला क्यू म्हणतात. म्हणजे चार वाहिन्या हव्यात, दोन स्पीकरसाठी आणि दोन हेडफोनसाठी. कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड असेल तर त्यावर हेडफोनची एक जागा आणि स्पीकरची वेगळी जागा असते, आणि काम सोपं होतं.

काही अगदी स्वस्त कंट्रोलरमध्ये हे कार्ड नसतं. पायोनियर डीजेचा डीडीजे-२०० हे त्याचं उदाहरण. त्याच्यासोबत आवाज दुभागणारी वायर येते: एका बाजूला मुख्य आवाज, दुसऱ्या बाजूला क्यू, दोन्ही मोनो, म्हणजे डावा-उजवा वेगळा नसलेले. शिकायला हे चालतं, पण स्पीकरला स्टिरिओ आवाज मिळत नाही आणि दर वेळी वायरींशी झटापट करावी लागते. थोडे पैसे साठवायला वेळ लागला तरी चालेल, साउंड कार्ड असलेलाच कंट्रोलर घ्या.

ओळखायची खूण सोपी आहे. कंट्रोलरच्या मागे स्पीकरची वेगळी जागा (बहुतेक वेळा लाल-पांढऱ्या आरसीए जॅकची जोडी) आणि पुढे किंवा बाजूला हेडफोनची जागा, हे दोन्ही दिसले पाहिजेत. फोटोत दिसत नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

पिच फेडर आणि जॉग व्हील मोठे असले तर खरंच फरक पडतो का?

पिच फेडरच्या, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या, बाबतीत पडतो. जॉग व्हील, म्हणजे गाणं हाताने हाताळायचं गोल चाक, मोठं, चकचकीत आणि फोटोत छान दिसतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. मला मात्र फेडरची लांबी जास्त महत्त्वाची वाटते.

हिशेब करून बघा. फेडरची सरक ६० मिलिमीटर आहे आणि त्याची मर्यादा वर-खाली ८ टक्के ठेवली आहे, म्हणजे एकूण १६ टक्के. १२५ बीपीएमच्या गाण्यात फेडर १ मिलिमीटर हलवला की लय सुमारे ०.३३ बीपीएमने बदलते. तेवढी चूक राहिली तर एका मिनिटात दोन गाणी एक तृतीयांश बीटने एकमेकांपासून सरकतात, आणि ते कुणालाही ऐकू येतं. फेडर १०० मिलिमीटरचा असेल तर तीच चूक ०.२ बीपीएमवर येते. कानाने लय जुळवायला शिकताना हा फरक हाताला लगेच जाणवतो.

छोटा फेडर असलेला कंट्रोलर आधीच घेतला असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा ८ ऐवजी ६ टक्के करा. फेडर तितकाच राहतो, पण प्रत्येक मिलिमीटरचा परिणाम कमी होतो. उलट १६ टक्क्यांवर ठेवला तर सराव उगाच अवघड होतो.

जॉग व्हीलबद्दल एवढंच बघा की वरचा भाग बोटाचा स्पर्श ओळखतो का आणि कडेने हलकेच ढकललं तर गाणं किंचित पुढे-मागे होतं का. स्क्रॅचिंग (चाक हाताने मागे-पुढे घासून आवाज काढणं) हाच मुख्य ओढा असेल तर मोठं चाक घ्या. इतरांनी त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत.

नावं घेऊन सांगता येईल का?

हर्क्युलिसचा डीजेकंट्रोल इनपल्स २०० हा छोटा, हलका आणि साउंड कार्ड असलेला कंट्रोलर आहे. त्याच घराण्यातल्या इनपल्स ३०० वर दिवे आहेत. लय वाढवायची की कमी करायची, चाक पुढे ढकलायचं की मागे, हे ते दाखवतात. कानाला आधार म्हणून सुरुवातीला ते उपयोगी पडतात. मात्र काही दिवसांनी ते बंद करून सराव करा, नाहीतर डोळे शिकतात आणि कान तसेच राहतात.

पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हा त्याहून वरच्या पायरीवरचा. बटणांची मांडणी क्लबमधल्या यंत्रांसारखी आहे आणि तो रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या दोन्ही डीजे सॉफ्टवेअरवर चालतो. याच्या आधीचा डीडीजे-४०० (२०१८) जुन्या बाजारात भरपूर मिळतो आणि शिकण्यासाठी आजही पुरेसा आहे. या कंपनीची काही नवी यंत्रं आता अल्फाथीटा या नावाने येतात, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं वापरा.

न्यूमार्कचा डीजे२गो२ टच पाठीवरच्या पिशवीत सहज मावतो आणि त्यातही साउंड कार्ड आहे, पण त्याचे पिच फेडर फारच आखूड आहेत. जागेची अगदीच अडचण असेल किंवा सारखा प्रवास होत असेल तरच तो घ्या. न्यूमार्कच्याच मिक्सट्रॅक मालिकेत फेडर लांब आणि चाकं मोठी मिळतात.

यांपैकी एकच सुचवा म्हटलं, तर पैसे जमत असतील तेव्हा एफएलएक्स४ आणि नसतील तेव्हा इनपल्स ३००.

दोन चॅनेल पुरतील की चार घ्यावेत?

दोन. एका चॅनेलवर एक गाणं वाजतं. तिसरं गाणं एकाच वेळी वाजवायची गरज पडेपर्यंत बराच सराव झालेला असतो.

पॅड, इफेक्ट, रंगीत दिवे?

पॅडवर हॉट क्यू लावता येतात, म्हणजे गाण्यातल्या ठरावीक जागेवर एका बटणाने पोहोचता येतं. सरावात हे खूप उपयोगी आहे आणि जवळजवळ सगळ्या कंट्रोलरमध्ये असतं. इफेक्टसाठी वेगळे पैसे मोजू नका. दिव्यांसाठी तर मुळीच नको. त्यापेक्षा प्रत्येक चॅनेलला लो, मिड आणि हाय अशी तीन इक्वलायझरची बटणं आहेत ना, ते तपासा. दोन गाण्यांचे बास एकत्र वाजले की आवाज चिखलासारखा होतो. एकाचा लो खाली आणि दुसऱ्याचा वर, ही अदलाबदल मिक्सिंगचा मोठा भाग आहे, आणि तीनऐवजी एकच टोन बटण असलेल्या यंत्रावर ती शिकता येत नाही.

सिंक बटण वापरलं तर शिकणं अर्धवट राहतं का?

सिंक दोन गाण्यांची लय आपोआप जुळवतं. कुठलं गाणं निवडायचं, कुठे सुरू करायचं, बास कधी बदलायचा, हे ते ठरवत नाही. त्यामुळे या गोष्टी शिकताना सिंक खुशाल वापरा. पण रोजच्या सरावातला थोडा वेळ सिंक बंद आणि पडद्यावरचे आलेख झाकून घालवा. सॉफ्टवेअरने लय चुकीची ओळखली, किंवा जिवंत वादकांनी वाजवलेलं, लय किंचित हलणारं गाणं आलं, की सिंक फसतं. तिथे कानच लागतो. त्यासाठी वेगळं उपकरण घ्यावं लागत नाही, ही चांगली गोष्ट आहे.

हेडफोन कोणता घ्यावा? माझ्याकडे ब्लूटूथचा चांगला हेडफोन आहे.

तो गाणी ऐकायला ठेवा, मिक्सिंगला वापरू नका. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. १२८ बीपीएमला एक बीट सुमारे ४६९ मिलिसेकंदांची असते. २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे बीटचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग. कानात जुळलेलं वाटेल आणि स्पीकरवर दोन्ही गाणी एकमेकांवर आदळतील. त्याच हेडफोनला वायर जोडायची सोय असेल तर मात्र प्रश्न सुटला.

नवीन घ्यायचा असेल तर तीन गोष्टी बघा. कप मागून बंद हवा, म्हणजे बाहेरचा आवाज कमी येतो. एक कान मोकळा ठेवता यावा, म्हणून कप फिरणारा हवा. आणि वायर सुटी होणारी, बदलता येणारी हवी, कारण हेडफोनमध्ये बहुतेक वेळा सगळ्यांत आधी वायरच जाते. चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे इंपीडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा हेडफोनचा विद्युत रोध. यूएसबीवर चालणाऱ्या कंट्रोलरमधून हेडफोनला फार ताकद मिळत नाही. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन त्यावर क्षीण वाजतो, ३० ते ७० ओहमचा नीट वाजतो.

ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स (३५ ओहम) या सगळ्या अटी पुऱ्या करतो. सेनहायझरचा एचडी २५ (७० ओहम) १९८८ पासून बाजारात आहे आणि त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. तो महाग आहे, पण जुना घेऊन गाद्या बदलल्या तरी वर्षानुवर्षं टिकतो.

आणि आवाज. गोंगाटात आपण नकळत आवाज वाढवत जातो. अमेरिकेतल्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त १ तास आणि १०० डेसिबलला १५ मिनिटं. सराव संपल्यावर कानात शीळ वाजत असेल तर आवाज जास्त होता. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून हे मी प्रत्येक शिकणाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगतो.

स्पीकर लगेच घ्यायलाच हवेत का?

नाही. घरात टीव्हीचा साउंडबार, जुनी म्युझिक सिस्टिम किंवा संगणकाचे स्पीकर असतील आणि त्यांना वायरने आवाज देता येत असेल, तर ते पुरतात. ब्लूटूथ स्पीकरला हेडफोनसारखाच उशिराचा रोग असतो. मागे ऑक्स जागा असेल तर ती वापरा. पुढे घ्यायचेच झाले तर ५ इंची वूफरची, आत ॲम्प्लिफायर असलेली मॉनिटर जोडी छोट्या खोलीला पुष्कळ होते.

जोडताना कंट्रोलरवरचे लेव्हलचे दिवे लाल होऊ देऊ नका. आवाज कमी वाटत असेल तर स्पीकरवर वाढवा.

लॅपटॉप किती ताकदीचा हवा?

रोजच्या कामाला नीट चालणारा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप बहुतेक ठिकाणी चालून जातो. आवाज तुटक येत असेल तर नवा लॅपटॉप बघण्याआधी हे करा: चार्जर जोडा, वाय-फाय आणि ब्राउझर बंद करा, कंट्रोलर यूएसबी हबऐवजी थेट लॅपटॉपला लावा, विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोहोचवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि बफर (आवाजाचा आधी साठवलेला तुकडा) थोडा वाढवा. ५१२ सॅम्पलचा बफर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण १२ मिलिसेकंदांचा उशीर देतो. मिक्सिंगला तो जाणवत नाही. स्क्रॅच करणाऱ्यांना जाणवतो, त्यांनी तो २५६ वर आणायचा प्रयत्न करावा.

सॉफ्टवेअरला वेगळे पैसे द्यावे लागतात का?

सुरुवातीला नाही. बहुतेक कंट्रोलरबरोबर एखादं सॉफ्टवेअर फुकट चालतं, मर्यादित स्वरूपात का होईना. सेराटो डीजे लाइटमध्ये दोनच डेक (गाणं वाजवायच्या जागा) असतात आणि दोन चॅनेलच्या कंट्रोलरला तेवढे पुरतात. खरेदीआधी एक गोष्ट मात्र विचारून घ्या: फुकट आवृत्तीत आपला सराव रेकॉर्ड करता येतो का? स्वतःचं मिक्स दुसऱ्या दिवशी ऐकण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. सॉफ्टवेअरमध्ये सोय नसेल तर ‘मिक्स’मध्ये ती आहे, आणि अनेक कंट्रोलर त्यात चालतात.

पुढे क्लबमध्ये वाजवायची इच्छा असेल तर रेकॉर्डबॉक्सची सवय उपयोगी पडते. तिथे बऱ्याचदा पायोनियरचे सीडीजे प्लेअर असतात आणि घरी रेकॉर्डबॉक्समध्ये तयार केलेली यूएसबी त्यांत थेट चालते.

जुना कंट्रोलर घेणं धोक्याचं आहे का?

नीट तपासून घेतला तर तो सगळ्यांत शहाणपणाचा व्यवहार आहे. हौसेने घेऊन कपाटात राहिलेले कंट्रोलर पुष्कळ असतात. स्वतःचा लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जा. प्रत्येक फेडर सावकाश वर-खाली करा आणि खरखर ऐका. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी सरकपट्टी) पूर्ण एका टोकाला नेल्यावर दुसरं गाणं संपूर्ण बंद होतं का ते बघा. पिच फेडर न हलवता पडद्यावरचा आकडा नाचत असेल तर तो झिजला आहे. हेडफोनचा जॅक आणि यूएसबीची वायर हलकेच हलवून बघा, आवाज तुटला तर आतला सांधा सैल आहे. सगळी पॅड दाबा.

घरातून निघण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा ड्रायव्हर तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला चालतो का हेही बघा. मॅकओएसने २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचं सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं. त्यामुळे उत्तम स्थितीतली काही जुनी यंत्रं नव्या मॅकवर निरुपयोगी झाली आहेत.

रेकॉर्डवर, म्हणजे टर्नटेबलवर शिकणं जास्त चांगलं ना?

हाताला आनंद खूप मिळतो, पण स्वस्त पडत नाही. दोन टर्नटेबल, मिक्सर, सुया आणि प्रत्येक गाण्यासाठी रेकॉर्ड, असा खर्च वाढत जातो. टर्नटेबलही डायरेक्ट ड्राइव्हच लागतं. पट्ट्यावर चालणारं हाताने थांबवून सोडलं की वेग पकडायला वेळ घेतं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आलं आणि १९७९ च्या एमके२ पासून डीजेंचं मानक बनलं, त्यामागे थेट मोटरची ही ताकद मोठं कारण आहे. रेकॉर्डचं खरंच वेड असेल तर जरूर या वाटेला जा. फक्त मिक्सिंग शिकायचं असेल तर कंट्रोलरवर सुरुवात करा.

लॅपटॉपशिवाय चालणारी यंत्रं कशी असतात?

सोयीची असतात, पण पहिल्या खरेदीसाठी महाग. त्याच पैशात कंट्रोलर, हेडफोन आणि बरीचशी गाणी येतात.

ठरलेल्या पैशांचे वाटे कसे करू?

लॅपटॉप आहे असं धरून, निम्म्याहून थोडे जास्त कंट्रोलरला, पाव हिस्सा हेडफोनला आणि उरलेले गाण्यांना व वायरींना. सगळे पैसे कंट्रोलरवर घालून हेडफोन कसातरी भागवणं टाळा. खराब हेडफोनमध्ये किक ड्रम स्पष्ट ऐकू येत नाही, आणि लय जुळवताना कान तोच धरून चालतो.

गाणी कुठून आणायची? स्ट्रीमिंगवर भागेल का?

काही स्ट्रीमिंग सेवा डीजे सॉफ्टवेअरला जोडता येतात, आणि नवं संगीत शोधायला त्या छान आहेत. पण इंटरनेट गेलं की गाणी गेली, आणि स्ट्रीम केलेली गाणी वापरताना बऱ्याच ठिकाणी रेकॉर्डिंग बंद होतं. सरावाला स्वतःची, विकत घेतलेली तीस-चाळीस गाणी ठेवा. बँडकॅम्प आणि बीटपोर्टवर सुटी गाणी मिळतात. ३२० केबीपीएसचं ५ मिनिटांचं एमपी३ सुमारे १२ एमबीचं असतं, म्हणजे हजार गाणी १२ जीबीत मावतात. व्हिडिओवरून काढलेला आवाज मोठ्या स्पीकरवर पातळ वाजतो आणि कलाकाराला त्याचे पैसेही मिळत नाहीत.

थोडी गाणी आणि ती पाठ असलेली, हे हजार अनोळखी गाण्यांपेक्षा शिकताना जास्त कामाला येतं. कुठलं गाणं कुठे श्वास घेतं हे माहीत असलं की हात आपोआप वेळेवर जातो.

पुढचं, मोठं उपकरण कधी घ्यावं?

सध्याच्या यंत्रावर काय अडतंय ते एका वाक्यात सांगता आलं की. ‘मला तिसऱ्या डेकवर फक्त ताल चालू ठेवायचा आहे’ किंवा ‘कार्यक्रमातल्या स्पीकरला एक्सएलआर वायर लागते आणि माझ्याकडे आरसीएच आहे’ ही खरी कारणं आहेत. ‘आता जुना वाटतो’ हे कारण धरू नका.

कंट्रोलरचा खोका जपून ठेवू का?

हो, आतल्या थर्माकोलसकट. दुरुस्तीला पाठवताना फेडर आणि बटणं वाचतात, आणि विकायची वेळ आली की खोका, मूळ वायर आणि पावती असलेल्या यंत्राला गिऱ्हाईक लवकर मिळतं.